ठाणे की नवी मुंबई? आधी रात्रीच्या हवेचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मूळ गाव नागपूर, गेली नऊ वर्षं पुण्यात, आता बदली नवी मुंबईतल्या ऐरोलीला. एक टू बीएचके ठाण्यात घोडबंदर रोडला पाहून ठेवलाय, दुसरा नवी मुंबईत खारघरला. घरात पत्नी, चौथीतला मुलगा आणि दम्याचा त्रास असलेली आई. दोन्हींपैकी कुठली हवा बरी, की कुटुंब पुण्यातच ठेवून दर शनिवारी जावं? शेवटी तुम्ही लिहिलंय, "नागपूरचे ४५ अंश सोसलेत, इथले ३४ अंश काय करणार?"

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाहेरून येणाऱ्यांचा अंदाज चुकतो तो तिथेच. मी आर्किटेक्ट आहे. २६ वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत काम करते आणि त्यातलं निम्म्याहून अधिक काम जुन्या-नव्या सोसायट्यांच्या दुरुस्तीचं आहे. गळती, ओल, पोपडे, तापणारे वरचे मजले. घर घेण्याआधी मला फारसं कुणी बोलावत नाही. पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा काढला की बोलावतात. तुम्ही आधी विचारलंत, म्हणून वेळ काढून लिहिते आहे.

नागपूरचे ४५ अंश कोरडे असतात. घाम आला की लगेच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. म्हणून तिथे सावली मिळाली, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळला, वाळ्याचा कूलर सुरू केला की जीव ताळ्यावर येतो. इथे मे महिन्यात पारा साधारण ३३-३४ ला थांबतो, पण हवेत पाणी आधीच इतकं असतं की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. शरीर स्वतःला गार करू पाहतं आणि त्याला ते जमत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर उन्हात कार्यक्रम झाला आणि उष्माघाताने माणसं दगावली. विदर्भाच्या उन्हाळ्याच्या मानाने त्या दिवशीचा पारा काही फार नव्हता. तेव्हा ३४ हा आकडा बघून निर्धास्त होऊ नका, विशेषतः आईंच्या बाबतीत. आणि कूलर नागपूरलाच राहू द्या. इथल्या हवेत तो खोली गार करत नाही, ओलावा तेवढा वाढवतो. पंधरा दिवसांत गाद्यांना कुबट वास येऊ लागतो.

आता पुण्याचं. "पुण्याची हवा" म्हणून जे आपण बोलतो ते खरं तर पुण्याच्या रात्रीबद्दल असतं. एप्रिलमध्ये पुण्याची दुपार ३८ अंशांपर्यंत जाते, म्हणजे आकड्यात ठाण्याच्या वर. पण पहाटे तिथे पारा २०-२१ वर उतरतो. दिवसभराचा ताप रात्री निघून जातो, झोप लागते, माणूस सकाळी ताजा उठतो. इथे मेमध्ये दुपारी ३४ आणि पहाटे २७. मधलं अंतर सहा-सात अंशांचं. कोरडी हवा रात्री उष्णता वर निघून जाऊ देते, दमट हवा ती धरून ठेवते. शिवाय पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, तो फायदा आहेच. आणि सह्याद्रीच्या पलीकडे असल्यामुळे पावसाचा मारा नाही. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, इथे २००० च्या वर.

हा फरक माणसांना फार आधीपासून कळलेला आहे. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला, पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंडीत आणि थंडीत मुंबईला राहायचा. गणेशखिंडीतल्या त्या वाड्यात आज विद्यापीठ आहे. तीन ऋतूंना तीन घरं असली की तिन्ही शहरं छान वाटतात. तुम्हाला बाराही महिने एकाच घरात काढायचे आहेत, म्हणून वर्षातला सगळ्यात वाईट महिना कुठला आणि तो कसा निभेल, हे आधी बघायला हवं.

इथे वाईट महिने दोन प्रकारचे असतात. एक, एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंतचे आणि मग पुन्हा ऑक्टोबरचे, जेव्हा रात्री पंख्याखालीही उशी भिजते. दुसरे जुलै-ऑगस्ट, जेव्हा गारवा असतो पण काहीच वाळत नाही. पुण्यातून आलेल्या माणसाला हा दुसरा प्रकार अनपेक्षित असतो. डब्यातले पापड सादळतात, मिठाचा दगड होतो, बुटांच्या कपाटात पट्ट्यावर हिरवट लव दिसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र फार सुखाचे. पहाटे १६-१८ अंश, स्वेटर कपाटातच, आणि उपवन तलावाच्या काठाने चालताना येऊरच्या डोंगरावरून येणारी गार हवा. मी जन्माने ठाण्याची आहे आणि त्या चार महिन्यांसाठी मला दुसरं कुठलंही शहर नको वाटतं. पण घर पाहायला लोक नेमके याच महिन्यांत येतात, आणि या दिवसांत इथलं कुठलंही घर चांगलंच वाटतं.

ठाणे आणि नवी मुंबई यांची तुलना करायची तर वाऱ्यापासून करावी लागेल. तुमच्या मुलाला भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे येतीलच. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा आत येतो आणि पारा रोखून धरतो. ठाणे समुद्रापासून आत आहे, मध्ये मुंबईची दाट वस्ती आणि येऊरचा डोंगर, त्यामुळे हा वारा ठाण्यात उशिरा आणि दमून पोचतो. नवी मुंबईच्या पश्चिमेला खाडीचं मोकळं पाणी आहे, म्हणून वाशी, नेरूळ, सीवूड्सच्या खाडीकाठच्या पट्ट्याला वारा जास्त मिळतो. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस जमिनीकडून पूर्वेचे कोरडे वारे जोरात वाहतात, खाऱ्या वाऱ्याला दुपार उलटेपर्यंत आत येऊ देत नाहीत आणि पारा चाळिशीकडे सरकतो. ते दिवस दोन्हीकडे सारखेच तापतात.

घोडबंदर रोडच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगता येईल: येऊरच्या अगदी पायथ्याच्या इमारतींवर संध्याकाळचं ऊन लवकर उतरतं, कारण सूर्य डोंगराआड जातो, आणि जंगलाकडून येणारी हवा रात्री खरोखर गार असते. मात्र त्याच रस्त्यावरून बंदराकडून गुजरातकडे जाणारे ट्रक रात्रभर धावतात आणि दोन्ही अंगांना बांधकामं चालू आहेत. रस्त्यालगतच्या इमारतीत चौथ्या मजल्याच्या खाली ग्रिलवर बोट फिरवलं तर काळं होतं. थंडीत हवा खाली दबून बसते तेव्हा ही धूळ सगळ्यात जास्त. म्हणून घोडबंदर रोड हे उत्तर अपुरं आहे. डोंगराच्या बाजूला आत अर्धा किलोमीटर की रस्त्याला लागून, यावर सगळं अवलंबून आहे.

खारघर मोकळं आहे, रस्ते रुंद, डोंगर जवळ. पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा दिसतो आणि सेंट्रल पार्कमध्ये सकाळी चालायला मजा येते. डोंगराला ढग अडल्यामुळे पाऊसही दणकून पडतो. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या बाजूच्या सेक्टरमध्ये घर पाहणार असाल तर एकदा रात्री अकरा-साडेअकराला तिथे जाऊन दहा मिनिटं उभे राहा. हवेला वास आहे का ते नाकानेच ठरवा, दम्याच्या माणसासाठी हे महत्त्वाचं. शिवाय ऐरोली ते खारघर हे अंतर रोज काढायचंय. ठाणे-पनवेल गाडी थेट आहे, पण घामाने भिजून डब्यात उभं राहणं हाही इथल्या हवामानाचाच भाग आहे आणि तो तुम्ही हिशेबात धरलेला नाही.

इथपर्यंत जे लिहिलं ते दोन शहरांबद्दल. माझ्या कामातून मला जे पटलं आहे ते असं, की दोन शहरांमधला फरक लहान आणि एकाच इमारतीतल्या दोन फ्लॅटमधला फरक मोठा. याचा एक अनुभव सांगते.

नेरूळच्या पुढे खाडीकडे तोंड करून असलेली इमारत, चौदावा मजला. सांगलीहून आलेलं निवृत्त जोडपं. जानेवारीत घर पाहिलं, समोर खाडी, लांबवर फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ, आणि तिथल्या तिथे होकार दिला. पश्चिमेच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत काच, वर छज्जा नाही. एप्रिलच्या शेवटी मला फोन आला. मी गेले तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. काकू म्हणाल्या, "भिंतीला हात लावून बघा." सूर्य मावळून दीड तास झाला होता आणि काचेशेजारचा तो भिंतीचा पट्टा भाकरी उतरवून ठेवलेल्या तव्यासारखा धगधगीत नसला तरी चांगला गरम होता. दुपारभर प्यायलेलं ऊन भिंत आता खोलीत सोडत होती. एसी रात्री दोनपर्यंत त्या भिंतीशीच झुंजायचा. दोघं मागच्या छोट्या खोलीत झोपत होते आणि खाडीची खोली रिकामी होती. जूनमध्ये दुसरा फोन. पाऊस नैर्ऋत्येकडून आडवा येतो, तो थेट त्या काचेवर. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. ती फरशीच्या कामाच्या वेळी सिमेंटने बुजली होती, पट्टी भरून पाणी आत सांडत होतं. काकांनी टॉवेलची गुंडाळी करून लावली होती, खाली परात.

भोकं मोकळी केली, सांधे सिलिकॉनने भरले, बाहेरच्या अंगाला बांबूची चिक लावायला सोसायटीकडून परवानगी मिळवली. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तरच उपयोग होतो, आतल्या पडद्यापर्यंत आलेली उष्णता खोलीतच राहते. बरंच सुसह्य झालं. पण त्याच मजल्यावर पूर्वेकडचा फ्लॅट भाड्याने गेला होता, भाडं कमी, कारण खाडी दिसत नाही. त्या घरात रात्री साडेआठला भिंती गार होत्या.

तेव्हा घर पाहताना दिशा अशा बघा. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत, मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. याचा अर्थ, उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत लोक समजतात तेवढी तापत नाही. तापतो तो छताचा स्लॅब आणि पश्चिमेची भिंत. म्हणून शेवटचा मजला टाळा. घ्यावाच लागला तर गच्चीवर चायना मोझेकचा, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा, पांढरा थर किंवा पत्र्याची शेड आहे का बघा, नुसता उघडा कोबा असेल तर मेमध्ये पंखा गरम वाराच फिरवेल. आईंची खोली उत्तरेला किंवा पूर्वेला हवी. पावसाचा मारा दक्षिण आणि पश्चिमेला, त्यामुळे त्या भिंतींवर छज्जे आहेत का, बाहेरून तडे आहेत का, ते खाली उभं राहून मान वर करून नीट बघा. ठाण्याच्या जुन्या नौपाड्यातल्या तीन-चार मजली इमारतींना दोन-दोन फुटी छज्जे आहेत. चाळीस वर्षांनीही त्या खिडक्यांतून पाणी येत नाही, आणि पाऊस पडत असताना खिडकी उघडी ठेवता येते. दमट हवेत हेच हवं असतं.

दुसरी परीक्षा उदबत्तीची. दुपारी चारला घर पाहायला जा, पंखे बंद करा, बेडरूमच्या मधोमध उदबत्ती धरा. धूर वाकून एका बाजूने निघून गेला तर वारा खेळतो आहे. सरळ वर चढत राहिला तर त्या खोलीत तुम्हाला वर्षातले सहा महिने एसी लागेल. सगळ्या खिडक्या एकाच बाजूला असलेल्या फ्लॅटमध्ये हमखास असंच होतं. ब्रोकरला थोडं विचित्र वाटेल, वाटू द्या.

आईंच्या दम्याबद्दल मी डॉक्टरांच्या जागी बोलणार नाही. पण घराच्या बाजूने सांगते: दमट घरात बुरशी आणि गादीतले धुळीचे किडे वाढतात, आणि बऱ्याच दमेकऱ्यांना हे दोन्ही बाधतात. काहींना उलट पुण्याची कोरडी थंडी आणि गाजर गवत जास्त बाधतं. आईंचा त्रास कुठल्या महिन्यात वाढतो ते एका कागदावर लिहा. थंडीत वाढत असेल तर इथे कदाचित बरंच वाटेल. पावसाळ्यात वाढत असेल, तर पहिला पावसाळा त्यांना पुण्यात राहू द्या आणि दिवाळीच्या सुमारास आणा. इथे आल्यावर कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. ओल आधी कपाटाच्या मागे धरते आणि दिसते सगळ्यात शेवटी. पावसाळ्यात एसीचा ड्राय मोड दिवसातून दोनेक तास लावा. उन्हाळ्यात एसी २६ वर आणि सोबत पंखा, म्हणजे बिलही आटोक्यात राहतं.

पाण्याचे दोन मुद्दे, एक नको असलेल्या आणि एक हव्या असलेल्या पाण्याचा. नवी मुंबईचा काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून आखणी करतानाच तिथे धारण तलाव ठेवले: भरती आली की खाडीकडची दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला दारं उघडून ते निघून जातं. गाळाने तलाव उथळ झाला की ही व्यवस्था लंगडी पडते. ठाण्यातही खाडीलगतचे आणि नाल्याकाठचे भाग मोठ्या भरतीच्या दिवशी तुंबतात. घर पसंत पडलं की शेजारच्या जुन्या किराणा दुकानदाराला एवढंच विचारा, "२६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं?" २००५ सालची ती तारीख इथे कुणी विसरलेलं नाही, तो दुकानाच्या फळीवर बोट ठेवून दाखवेल. पिण्याच्या पाण्याचं म्हणाल तर दिघा ते बेलापूर हा भाग नवी मुंबई महापालिकेत येतो आणि तिच्या मालकीचं मोरबे धरण आहे, त्यामुळे मे महिना बरा जातो. खारघर पनवेल महापालिकेत आहे, तिथला पुरवठा वेगळा. घोडबंदर रोडच्या अनेक सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर येतात. मागच्या वर्षीचं टँकरचं बिल सोसायटीच्या ऑफिसात मागा, देतात. मेच्या घामात दिवसातून दोनदा आंघोळ करावीशी वाटते, तेव्हा याचं महत्त्व कळतं.

आता तुमच्यासाठी माझं मत. कुटुंब पुण्यात ठेवून दर आठवड्याला घाट उतरण्यापेक्षा सगळ्यांनी इथे येणं मला बरं वाटतं, आईंच्या पहिल्या पावसाळ्याचा अपवाद सोडून. चौथीतल्या मुलाला आठवड्याचे पाच दिवस बाबा नसण्याची भरपाई पुण्याची थंड पहाट करत नाही. जागा म्हणून तुमच्या यादीतली दोन्ही नावं मी मागे ठेवीन. ऐरोलीतच किंवा ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीकडे बघा. ऐरोलीत घर असेल तर दुपारी डोक्यावर ऊन असतानाचा प्रवास पंधरा मिनिटांवर येतो. नौपाड्यात झाडं आहेत, डॉक्टर, भाजी, देऊळ चालत, आणि संध्याकाळी आईंना तलावपाळीवर नेता येईल. पावसाळ्यात चालणं बंद पडू नये म्हणून खाली स्टिल्टची, म्हणजे खांबांमधली छताखालची मोकळी जागा असलेली इमारत निवडा. जुलैत संध्याकाळी अशा स्टिल्टमध्ये ज्येष्ठांच्या फेऱ्या चाललेल्या असतात, त्यात ओळखीही होतात. ऑफिस ऐरोलीला नसतं, किंवा तुम्ही आठवड्यातून दोनच दिवस जाणार असतात, तर मी येऊरच्या पायथ्याचं घर सुचवलं असतं.

विकत लगेच घेऊ नका. अकरा महिन्यांचा भाडेकरार करा आणि शक्य असेल तर तो मेमध्ये सुरू करा, म्हणजे आधी घाम, मग पाऊस, मग ऑक्टोबर, असे कठीण महिने पहिल्या सहा महिन्यांतच होऊन जातील. भाड्याचं घर पाहायला जाल तेव्हा बाहेरच्या भिंतीजवळ नवा रंग एकाच कोपऱ्यात दिसला तर तिथे काय झालं होतं ते विचारा.

एखादा फ्लॅट पक्का करायच्या आधी त्याचा नकाशा इथे टाका, उत्तर दिशेचा बाण आणि मजला लिहून. आईंचा पलंग कुठल्या भिंतीला लावायचा आणि कुठली खिडकी रात्री उघडी ठेवायची, ते मी त्यावर खूण करून सांगेन.